मंगोलियाचं गाणं थायरॉईड बरा करत नाही

भिशीच्या ग्रुपवरून आत्याकडे आणि आत्याकडून आमच्या घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. पहिल्यांदा आला तेव्हा मी लक्ष दिलं नाही. मग तोच सोसायटीच्या ग्रुपवर दिसला, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर दिसला, आणि एका चांगल्या शिकल्यासवरल्या मित्राने 'खरं-खोटं माहीत नाही, पण इंटरेस्टिंग आहे' असं म्हणत पुढे ढकलला. तरीही मी गप्पच बसलो असतो. सगळ्या फॉरवर्डांशी भांडायचं ठरवलं तर जेवायला फुरसत मिळायची नाही. पण आत्याने सकाळची थायरॉईडची गोळी बंद केलीय हे परवा फोनवर बोलता बोलता कळलं आणि डोकं फिरलं.

ज्यांच्यापर्यंत हे पोचलेलं नाही ते सुखी. त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक छोटा व्हिडिओ आहे. उजाड माळरान, लांब केसांचे, कातडी कपड्यांतले दांडगे पुरुष, हातात घोड्याचं डोकं कोरलेलं तंतुवाद्य आणि छातीत घुमणारा घोगरा, खर्जातला आवाज. खाली मजकूर असा: हा मंगोलियात जपला गेलेला पाच हजार वर्षांपूर्वीचा वैदिक ओंकार आहे. मंगोल लोकांच्या गळ्यात जन्मतःच स्वरतंतूंच्या दोन जोड्या असतात. हा ध्वनी बरोबर ४३२ हर्ट्झचा असतो. नासाने तो व्हॉयेजर यानातून अंतराळात पाठवलाय. युनेस्कोने त्याला वैदिक वारसा म्हणून मान्यता दिलीय. रोज सकाळी उपाशीपोटी पंधरा मिनिटं ऐकत सोबत तसाच आवाज काढला, की एकवीस दिवसांत थायरॉईड आणि बीपी मुळापासून बरे होतात, गोळ्या सुटतात. स्त्रियांनी मात्र नुसतं ऐकावं, गाऊ नये, गर्भाशयावर परिणाम होतो. आणि शेवटी कुठल्याशा शिबिराची लिंक. लिंकवर जाऊन पाहिलं. शिबिर फुकट नाही, हे सांगायला नकोच.

सगळ्यात आधी गोळी, कारण बाकी सगळी नुसती करमणूक आहे.

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला, स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेला बिलगलेली ग्रंथी. लिहिणाऱ्याला एवढं पुरलं. गाणं गळ्यातून येतं, थायरॉईड गळ्यात असतो, जमलं. या हिशोबाने गुडघेदुखीवर फुटबॉलची मॅच बघायला हरकत नाही. प्रत्यक्षात बहुतेकांचा त्रास ग्रंथी कमी काम करते हा असतो, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्या ग्रंथीवर उलटलेली असते. पेशी हळूहळू निकामी होतात, थायरॉक्सिन कमी पडू लागतं, मग मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी 'अजून बनव, अजून बनव' म्हणून टीएसएच वाढवत राहते. रिपोर्टमध्ये जो आकडा वर गेलेला दिसतो तो हाच. सकाळची गोळी म्हणजे दुसरंतिसरं काही नसून तेच कमी पडलेलं थायरॉक्सिन, बाहेरून दिलेलं. ग्रंथीत जे बनत नाही ते कानातून भरता येत नाही. गाणं मंगोलियाचं असो की मिरजेचं.

यावर आत्याचं उत्तर तयार होतं. "अरे, दहा दिवस झाले गोळी बंद करून, मला काहीसुद्धा झालेलं नाही. उलट हलकं वाटतंय."

इथेच हा फॉरवर्ड नुसता बावळट न राहता घातक होतो. थायरॉक्सिन शरीरातून अतिशय सावकाश जातं. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण आठवडा लागतो, त्याच्या निम्म्यावर यायला आणखी एक आठवडा. म्हणून तर डॉक्टर डोस बदलल्यावर लगेच रक्त तपासत नाहीत, सहा ते आठ आठवडे थांबायला सांगतात. म्हणजे आज गोळी सोडलेल्या माणसाला पहिले आठ-दहा दिवस ठणठणीत वाटणारच, कारण तो अजून जुन्या गोळ्यांवरच चाललेला असतो. श्रेय मात्र गाण्याला जातं. थकवा, बद्धकोष्ठ, थंडी वाजणं, चेहऱ्यावर सूज, मंदावलेली नाडी हे सगळं नंतर, पाय न वाजवता येतं, आणि तोपर्यंत 'एकवीस दिवसांत फरक पडला' असं सांगणारा मेसेज आत्याने स्वतःच चार जणींना पाठवलेला असतो. वर्षानुवर्षं उपचार टाळले तर प्रकरण क्वचित बेशुद्धीपर्यंत आणि जिवावर जातं. हे घाबरवायला लिहीत नाही. पण 'गाणंच तर आहे, ऐकून नुकसान काय' असं म्हणणाऱ्यांसाठी लिहितो. ऐकून नुकसान काहीच नाही. गोळी सोडून आहे.

त्यात ते 'सकाळी उपाशीपोटी'. थायरॉईडची गोळीसुद्धा सकाळी उपाशीपोटीच घ्यायची असते. म्हणजे औषधाची जी वेळ ठरलेली, तिच्यावरच या गाण्याने पथारी पसरली. मुद्दाम केलंय की योगायोग, देव जाणे.

आणि एक विसंगती तर लिहिणाऱ्याच्याही लक्षात आली नाही. थायरॉईडच्या तक्रारी पुरुषांपेक्षा बायकांमध्ये कितीतरी जास्त असतात, हे कुठल्याही ओपीडीच्या बाकावर बसलं तरी दिसेल. इलाज काय, तर घशातून आवाज काढा. बायकांनी काय करायचं, तर काढू नका. म्हणजे ज्यांना रोग, त्यांनाच औषध मना!

बीपीबद्दल नाइलाजाने अर्धं पाऊल मागे घेतो. संथ, लांब श्वासोच्छ्वासाने रक्तदाब तात्पुरता थोडा उतरू शकतो. ओंकार म्हणताना, भजनात, प्राणायामात श्वास लांबतो, तेव्हा बरं वाटणं खोटं नाही. पण त्यासाठी मंगोलियापर्यंत जायची गरज नाही, आणि तेवढ्याने गोळी सुटत नाही. शिवाय हे गाणं म्हणजे संथ श्वास नव्हे. गळा आवळून, पोटाचा जोर लावून ते काढतात. बीपीच्या माणसाने शिबिरात जाऊन असला जोर लावायचा की नाही, ते त्याच्या डॉक्टरला विचारा. मी तर म्हणेन, नकोच.

आता गळ्यातल्या दोन जोड्या. हा मुद्दा चुकीचा आहे, पण फॉरवर्डमधला त्यातल्या त्यात मजेदार, कारण त्यात शेंगदाण्याएवढं सत्य आहे. स्वरतंतूंच्या वर आणखी एक जोडी असते हे खरंच. तिला 'खोटे स्वरतंतू' म्हणतात. फक्त ती मंगोल लोकांना 'जन्मतः लाभलेली' नाही. ती तुम्हाला आहे, मला आहे, आत्याला आहे आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्यालाही आहे. जड वस्तू उचलताना दम कोंडतो तेव्हा ती आवळली जाते. नेहमीच्या बोलण्यात ती बाजूला असते. मंगोलियाचे आणि शेजारच्या, रशियातल्या तुवाचे गायक खर्जाच्या प्रकारात तिला कामाला लावतात. खरे तंतू दोनदा हलतात तेव्हा खोटे एकदा, त्यामुळे मूळ स्वराच्या बरोबर एक सप्तक खालचा आवाज ऐकू येतो. व्हिडिओतला तो छातीत घुमणारा घोगरेपणा असा येतो. मंगोलियात या प्रकाराला खरखिरा म्हणतात, तुवात कारगिरा. जन्मसिद्ध वगैरे काही नाही, वर्षानुवर्षांचा रियाज आहे.

दुसरा प्रकार शिट्टीचा, आणि खरी करामत तिथे आहे. एकच माणूस खाली एक अखंड स्वर धरतो आणि त्याच वेळी वर बासरीसारखी बारीक धून वाजते. दोन माणसं गातायत असंच वाटतं. याची उकल करणारा एक पेपर 'ईलाइफ' या विज्ञानपत्रिकेत २०२० साली आला. तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो, शिबिराची फी भरण्याआधी नजर टाका. क्रिस्टोफर बर्जविन आणि सहकाऱ्यांनी तुवाच्या हून हुर तू या नावाजलेल्या गटातल्या गायकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले, आणि एका गायकाला एमआरआयच्या नळकांड्यात झोपवून गाताना त्याचं तोंड आतून पाहिलं. (लेखकांच्या यादीत एक नारायण आणि एक म्हात्रे आहेत. हे फॉरवर्डवाल्याला कळू देऊ नका, नाहीतर उद्या तोही वैदिक पुरावा होईल.)

काय दिसलं? दुसरा स्वर तयार करणारं दुसरं यंत्र गळ्यात कुठेच नाही. स्वर एकच. पण कुठलाही गाता स्वर हा एकटा नसतो, त्याच्या पोटात दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर असतात. ज्यांनी जवारी नीट लागलेला तंबोरा ऐकलाय त्यांना हे समजवावं लागत नाही. खर्जाची तार छेडली की कुणीही न छेडलेला गंधार हवेत उभा राहतो, तो त्या तारेचा पाचवा उपस्वर. आपलं तोंड नेहमीच्या बोलण्यात या उपस्वरांपैकी काही गटांना उठाव देतं आणि त्यातूनच आ, ई, ऊ वेगळे ऐकू येतात. तुवाचा गायक जिभेचं टोक वरच्या दातांमागे जवळजवळ टेकवतो, मागे घशाकडेही वाट अरुंद करतो, आणि एरवी वेगवेगळे असणारे दोन उठाव एकमेकांवर आणून बसवतो. मग साधारण एक ते दोन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात एकच उपस्वर इतका टोकदार होतो, की कान त्याला स्वतंत्र सूर म्हणून वेगळा काढतो. जीभ किंचित सरकली की पुढचा उपस्वर. धून अशी चालते.

घरी करून बघता येतं. दार लावून घ्या म्हणजे झालं. एकाच सुरात, सूर अजिबात न हलवता, 'ऊ' पासून 'ई' पर्यंत अतिशय सावकाश जा. ओठ थोडे गोलच ठेवा. बाथरूममध्ये केलंत तर उत्तम. दोन-चार प्रयत्नांत डोक्यात कुठेतरी बारीक शिट्टी वर चढताना ऐकू येईल. तेच हे, फक्त त्यांच्यासारखं व्हायला दहा वर्षं लागतात. गर्भाशयाला काहीही होत नाही.

यातूनच 'वैदिक'वाल्या मुद्द्याचं उत्तर निघतं, आणि माझ्या मते या सगळ्या गोंधळाचं मूळही इथेच आहे. आत्या म्हणाली, "अरे पण ऐकताना ते आपलंच वाटतं की नाही सांग." हो, वाटतं. मलाही वाटतं. पण का वाटतं? गायक धूनेसाठी बहुतेक सहावा, आठवा, नववा, दहावा आणि बारावा उपस्वर वापरतात. सातवा आणि अकरावा टाळतात. आता खालचा अखंड स्वर षड्ज धरा आणि हे उपस्वर मोजा: पंचम, षड्ज, रिषभ, गंधार, पंचम. धैवत तेवढा मनाने भरून घेतला की भूप झाला. खाली षड्ज धरलेला, वर भूपाच्या वळणाची धून, मराठी कानाला आणखी काय हवं? कुणी वैदिक ऋषी गोबीच्या वाळवंटात जाऊन शिकवणी घेत होता म्हणून नव्हे, तर ताणलेली तार आणि माणसाचा गळा जगात कुठेही याच गणिताने चालतात म्हणून ते आपलं वाटतं. हे मला कुठल्याही फॉरवर्डपेक्षा जास्त थरारक वाटतं. असो.

तर वैदिक. पाच हजार वर्षं. व्हिडिओत ज्या गाण्याचा तुकडा आहे ते 'वुल्फ टोटेम', द हू या उलानबातरच्या बँडचं. बँड २०१६ मध्ये उभा राहिला, गाणं २०१८ च्या अखेरीस यूट्यूबवर आलं आणि पुढच्या वर्षी १३ सप्टेंबरला निघालेल्या 'द गेरेग' या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये समाविष्ट झालं. अल्बम काढणारी कंपनी अमेरिकेची. निर्माता दाश्का, जो बँडसोबत गाणी बांधतो. चौघेही मुख्य कलाकार संगीताची रीतसर पदवी घेतलेले. मूळ व्हिडिओ पाहा, त्यात घोडेस्वारांच्या बरोबरीने मोटारसायकलींचा ताफा आहे. फॉरवर्ड करणाऱ्याने मोटारसायकली कापल्या. कापायला मात्र विसरला नाही, म्हणजे काय चाललंय ते त्याला पक्कं ठाऊक होतं. हा माणूस भाबडा नाही.

आणि 'मंत्र' म्हणे. गाण्याला मंगोल भाषेतले सरळ शब्द आहेत, शत्रूला दिलेलं आव्हान आहे. त्याच अल्बममधलं 'युवे युवे यू' तर याहून बोचरं. पूर्वजांच्या नावाने नुसत्या बढाया मारता आणि त्यांनी सांगितलेलं पाळत काही नाही, असा त्यात मंगोल तरुणांना दिलेला चोप आहे. या गाण्याची क्लिप वापरून 'आमच्या पूर्वजांनी सगळं आधीच शोधलं होतं' असा मेसेज कुणी बनवला असता तर मी हसून लोटपोट झालो असतो. दुर्दैवाने त्याने दुसरं गाणं निवडलं.

बरं, बँड नवा म्हणून कला नवी नाही, हे कबूल. गळ्याच्या या गायकीला मंगोलियात खुमी म्हणतात, तुवात खुमेई. अल्ताईच्या बाजूला, पश्चिम मंगोलियातल्या खोव्द प्रांतात चांदमान नावाचा भाग आहे. मंगोल लोक त्याला या कलेचं माहेर मानतात. तिथे एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला सरोवर, आणि मधून घोंघावणारा वारा. गुराखी वाऱ्याची, पाण्याची नक्कल करत गायला शिकले असं तिथले लोक सांगतात. सुंदुई, त्सेरेन्दवा ही गाजलेली नावं याच भागातली. मुळात माळावर जनावरांमागे गायचं हे गाणं. रंगमंचावर, वाद्यवृंदासोबत, मैफलीत गाण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्याला, समाजवादी राजवटीत पडली. किती जुनं, तर खूप जुनं असणार. पण पाच हजारचा आकडा कुठून आला याचा काडीचाही पुरावा फॉरवर्डमध्ये नाही. आपल्याकडे प्रत्येक गोष्ट पाच हजार वर्षांपूर्वीचीच असते, साडेचार हजार कधीच नसते.

भारताशी संबंध आहे का? आहे, आणि तो तोंड वाकडं करून का होईना, मान्य करायला हवा. बौद्ध धर्म मंगोलियात गेला आणि त्यासोबत बरंच काही गेलं. मंगोल भाषेत मंगळाला अंगारग, बुधाला बुद, गुरूला बार्हसबाद आणि शनीला सांचिर म्हणतात. अंगारक, बुध, बृहस्पती, शनैश्चर ओळखू येतात. पण हे नातं बौद्ध मठांचं, ग्रंथांचं, पंचांगाचं. गुराख्यांच्या गळ्याचं नव्हे. तिबेटी ग्युतो मठातले भिक्षू खर्जात पाठ करतात, तो आवाज वरवर सारखा वाटतो. हा मठ आता हिमाचलात धर्मशाळेजवळ आहे, जाऊन ऐकता येतो. पण तो विधीचा पाठ आहे, त्यावर शिट्टीची धून नसते. मंगोल गाणं, तिबेटी पाठ आणि आपला ओंकार, या तिघांची एक मोळी बांधून वर 'वैदिक' लेबल लावलं, की तिघांचाही अपमान. चंगेज खानलाही यात ओढलंय. त्याच्याबद्दल एवढंच सांगतो, की तो मुसलमान नव्हता हे फॉरवर्डमधलं एक वाक्य बरोबर आहे. पण म्हणून तो वैदिकही होत नाही. तो निळ्या आभाळाला, तेंगरीला मानणारा होता.

४३२ हर्ट्झ. हे लवकर उरकतो. १०८ ला चाराने गुणलं की ४३२, कलियुगाची वर्षं ४,३२,०००, म्हणून हा आकडा आपल्याकडे लोकप्रिय आहे. पण हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आणि गायक आपापल्या गळ्याला सोसेल तो स्वर धरतो. समजा कुणी १५० चा धरला. मग उपस्वर ३००, ४५०, ६००, ७५० असे जाणार. ४३२ त्यात येतच नाही. १४४ चा धरला तर तिसरा उपस्वर ४३२ येईल, पण धून तर त्याच्या कितीतरी वर, हजारच्या आसपास चालते. म्हणजे आला तरी तो ऐकायचा कुणी?

नासा. व्हॉयेजर यानांवर १९७७ साली सोनेरी तबकड्या गेल्या हे खरं. त्यावर संगीताच्या २७ चिजा आहेत. जावाचं गामेलान आहे, जपानची बासरी आहे, जॉर्जियाचं समूहगान आहे, बाख आणि बीथोव्हन आहेत. मंगोलियाचं काही नाही. भारताचं मात्र आहे, आणि ते आहे गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांचं, भैरवीतलं 'जात कहाँ हो'. अंतराळात गेलेला आवाज हवा असेल तर तो आपल्या घरातच होता. तो ग्रुपवर कुणी पाठवत नाही, कारण त्याने थायरॉईड बरा होतो असं अजून कुणी लिहिलेलं नाही.

युनेस्को. "ते तरी खोटं नाही ना? युनेस्कोने मान्य केलंय," हे आत्याचं हुकमी पान. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत खुमेई आहे, दोनदा आहे. २००९ मध्ये चीनने आपल्या इनर मंगोलिया प्रांताच्या वतीने नोंदवली, त्यावरून मंगोलियात नाराजी पसरली, आणि २०१० मध्ये मंगोलियाने स्वतःची नोंद करून घेतली. दोन शेजाऱ्यांचं हे भांडण वाचण्यासारखं आहे. त्यात भारताचा संबंध शून्य. वैदिक पठणाची नोंद त्याच यादीत २००८ पासून वेगळी आहे, भारताच्या नावावर. दोन्ही एकच असत्या तर वेगवेगळ्या कशाला नोंदवल्या असत्या? आणि वारसा म्हणून जपण्याची यादी म्हणजे औषधांची यादी नव्हे. त्याच यादीत नेपल्सचा पिझ्झा बनवण्याची कलाही आहे. तो खाऊन बीपी उतरल्याचं ऐकिवात नाही.

राहिला स्त्रियांचा मुद्दा. गंमत म्हणजे अख्ख्या फॉरवर्डमध्ये खरोखर तिथून आलेली गोष्ट कुठली असेल तर ती हीच. बाईने असं गायलं तर मूल होत नाही, घराला दोष लागतो, असा समज त्या भागात होता. म्हणजे त्यांची कला यांनी आपली करून टाकली, आणि त्यांचा अंधविश्वास मात्र जसाच्या तसा, पत्ता न बदलता आयात केला. तिथल्या बायकांनी तो कधीच मोडीत काढायला घेतलाय. तुवात चोदुरा तुमात यांनी १९९८ साली तिवा किझी हा फक्त स्त्रियांचा गट काढला आणि देशोदेशी कार्यक्रम केले. त्याच्याही आधीपासून सैन्खो नाम्च्यिलाक एकटीने जगभर गात होती. आत्याला मी तिवा किझीचा व्हिडिओ पाठवला. तिने विचारलं, "यांना मुलं आहेत का?" काय बोलणार?

गाण्यावर माझा राग नाही, उलट ते लोकांनी ऐकावं. 'द गेरेग' मध्ये नऊ गाणी आहेत. मोरिन खूर हे घोड्याच्या डोक्याचं दोन तारांचं वाद्य, तोव्शूर हे छेडून वाजवायचं तंतुवाद्य, आणि मोरचंगाची सख्खी बहीण असलेला तुमुर खूर, हे सगळं ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटारसोबत धडाक्यात वाजतं. हेडफोन बरे असतील तर 'शूग शूग' आधी लावा. मला स्वतःला त्यात शिट्टीचा प्रकार कमी आणि घोगरेपणाच जास्त वाटतो, गाणी थोडी एकसुरी होतात, आणि सलग ऐकलं की सहाव्या-सातव्या गाण्याला कान थकतात. ज्यांना त्या दोन स्वरांची जादू निवांत ऐकायची आहे त्यांनी हून हुर तूचा १९९३ चा पहिला अल्बम 'सिक्स्टी हॉर्सेस इन माय हर्ड' शोधावा. ड्रमचा गदारोळ नाही, घोड्यांच्या टापांचा ठेका आणि गळा. कोंगर-ओल ओंदार यांचंही जे मिळेल ते ऐका.

ऐकायची वेळ कुठलीही चालेल. गोळी घेतल्यानंतरची अर्ध्या तासाची, चहासाठी थांबायची वेळ असते, ती तर उत्तम.